विंचूपालन : एक जोडधंदा

नगर जिल्ह्यातल्या माणसाचा शेतीवर विश्वास नसतो, जोडधंद्यावर असतो. यात त्याचा दोष नाही. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे निघालेला पाऊस वाटेत कुठंतरी जेवायला थांबतो आणि मग तिथंच मुक्काम करतो. शेतात मुरूम, विहिरीत दगड. अशा ठिकाणी माणूस पेरतो कमी आणि पाळतो जास्त. गाई पाळून पाळून आम्ही गावोगाव डेअऱ्या उभ्या केल्या. शेळी तर इतकी लाडकी की संगमनेरनं एका जातीला आपलं नावच देऊन टाकलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्या संगमनेरी शेळीवर संशोधन चालतं. संगमनेरी माणसावर अजून कुणी केलेलं नाही.

मधल्या काळात ससे आले. सशांनी कराराप्रमाणे पिल्लं दिली, पण ती विकत घ्यायचं ज्यांनी कबूल केलं होतं ते आले नाहीत. मग इमू आला. हा ऑस्ट्रेलियातला माणसाएवढा उंच पक्षी अंगणात उभा राहिला की बघायला पाहुणे पुष्कळ येत, गिऱ्हाईक येत नसे. तेल निघतं, कातडं विकलं जातं, पिसंसुद्धा वाया जात नाहीत असं सांगणारी मंडळी २०१२च्या सुमारास फोन उचलेनाशी झाली, आणि तारेच्या कुंपणापलीकडून इमू मालकाकडे बघत राहिला. त्यानंतर कडकनाथ. कोंबडी काळी, मांस काळं, हाडं काळी. शेवटी हिशेबाची वहीही त्याच रंगाची निघाली.

ही परंपरा पाठीशी असल्यामुळे माझ्या भाच्यानं सुट्टीत गावी येऊन ‘मला विंचू पाळायचाय’ असं जाहीर केलं तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांनी एवढंच विचारलं, “अनुदान किती?” त्यांची चूक नव्हती. शेळी, मेंढी, कुक्कुटपालनाला राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के मिळतं, मग विंचवानं काय घोडं मारलंय?

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, हा धंदा नाही, छंद आहे. त्याला हवा होता वाळवंटी विंचू. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात एक केसाळ विंचू असतो, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा, पूर्ण वाढला की १४ सेंटिमीटरपर्यंत जातो. पिवळसर पाय, काळपट पाठ, अंगावर बारीक केस. तिकडचे लोक तो काचेच्या पेटीत ठेवतात आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याच्याकडे बघत बसतात. विंचू कुठंच बघत नाही.

“मामा, तुम्हाला सांगतो, एकदम लो मेन्टेनन्स,” भाचा म्हणाला. “कुत्र्यासारखं फिरवायला न्यायला नको, मांजरासारखा दुधात तोंड घालत नाही.” मग त्यानं मोबाईलवरून संगोपनाची यादी वाचून दाखवली. जागा कोरडी हवी. उष्णता तीस अंशांच्या आसपास. उकरायला वाळूमिश्रित माती. दिवसा लपायला एखादा सपाट दगड किंवा लाकडाची साल. उजेड कमी. पाण्याला बाटलीचं टोपण पुरे. आठवड्या-दोन आठवड्यांतून एखादा रातकिडा नाहीतर झुरळ. थंडीत पेटीखाली तापणारी चटई.

माझी आई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आरं, हे तर आपलंच घर झालं की. त्याला पैसं कशापायी घालवतो? त्या गोवऱ्यांच्या ढिगाखाली हात घाल. पाहिजे तेवढं घे.”

आईचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आमचं जुनं घर धाब्याचं. वर माळवद, त्यावर पांढरी माती, खाली दगड-मातीच्या भिंती. भिंतीत जितके दगड तितक्या फटी. मृगाचा पहिला शिडकावा पडला की या फटींतून जी मंडळी बाहेर यायची ती आमच्या आधीपासून तिथं राहत असावीत, कारण बाहेर येण्याची त्यांची ढब घरमालकाची होती. चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, अंथरूण झटकल्याशिवाय अंग टाकायचं नाही, दोरीवरचा सदरा दोनदा फटकारल्याशिवाय अंगात चढवायचा नाही, हे आमच्याकडे मुलाला बाराखडीच्या आधी येतं. शहरात स्थायिक झालेला नगरी माणूस ओळखायचा असेल तर सकाळी त्याला बूट घालताना बघा. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही तो बूट आधी उपडा करतो.

शिवाय पेटी विकत घेऊन, चटई विकत घेऊन, विजेचं बिल भरून भाचा जे वाळवंट तयार करणार होता ते पारनेर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये शासन फुकट पुरवतं. चटईची गरज नाही. टोपणभर पाणी तेवढं अवघड आहे, त्यासाठी टँकरची वाट बघावी लागते.

आता इथं थोडं ज्ञान पाजळतो, कारण भाच्यासमोर मला ते पाजळावं लागलं होतं. जगात विंचवाच्या २,५०० हून जास्त जाती आहेत. आपल्याकडे मात्र व्यवहारात दोनच मानतात : इंगळी आणि लाल विंचू. इंगळी म्हणजे काळा, धिप्पाड, खेकड्यासारखे चिमटे बाळगणारा. दगड उचलला की नांगी उभारून असा पवित्रा घेतो की माणूस पंचायतीची निवडणूकसुद्धा सोडून पळेल. लाल विंचू बारीक, चिमटे किरकोळ, रंग विटकरी. त्याच्याकडे बघून वाटतं, हा काय करणार? निसर्गाचा इथला नियम गावातल्या भांडणासारखाच आहे, फार हातवारे करणारा मारत नाही. ज्याचे चिमटे मोठे आणि शेपूट बारीक त्याचं विष बहुधा सौम्य, कारण तो भक्ष्य हातांनीच चिरडतो. ज्याचे चिमटे नाजूक आणि शेपूट जाड त्याच्यापासून सांभाळा. जगातल्या सगळ्यात घातक विंचवांत आपल्या या लाल विंचवाची गणना होते. म्हणजे भाचा १४ सेंटिमीटरच्या ज्या परदेशी पैलवानासाठी पैसे साठवत होता, त्याचा डंख साधारण मधमाशीच्या पंक्तीतला. आणि आमच्या गोवऱ्यांखाली जो फुकटात बसला होता, तो माणूस मारू शकणारा.

गावोगावच्या विंचू उतरवणाऱ्यांची सगळी कीर्ती इंगळीवर उभी आहे. इंगळी चावली की आग होते, माणूस बोंबलतो, मांत्रिक येतो, पुटपुटतो, राख लावतो, कुणी चिंचोका उगाळून डंखावर चिकटवतो, कुणी आघाड्याची मुळी फिरवतो, आणि काही तासांनी वेदना ओसरते. ती तशीही ओसरणारच होती. चिंचोक्याऐवजी तिथं पोस्टाचं तिकीट चिकटवलं असतं तरी ओसरली असती. लाल विंचवापुढे मात्र हे खातं बंद. त्याच्या विषानं दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब उसळतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे सगळं नीट टिपलं ते जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या एका डॉक्टरनं. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले तेव्हा कोकणात विंचूदंशाचे गंभीर रुग्ण शंभरात चाळीसच्या घरात दगावत. हा माणूस रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करत राहिला. १९८२ साली त्या नोंदी लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून त्यांनी मृत्यूचं प्रमाण शंभरात एकावर आणून ठेवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवानं महाराष्ट्राला मिळवून दिलेलं काही असेल तर हे एवढंच, आणि तेही त्याच्या मनाविरुद्ध.

विंचवाचं साहित्यातलं स्थान मात्र फार वरचं आहे. आमच्या शेवगावपासून गोदावरी ओलांडली की पैठण. तिथं सोळाव्या शतकात नाथमहाराजांनी विंचवावर भारूड रचलं, चारशे वर्षांनी शाहीर साबळ्यांनी ते घराघरांत पोचवलं, आणि आजही शाळेच्या गॅदरिंगला एखादा पोरगा लुगडं नेसून स्टेजवर ‘चावला’ म्हणून गडाबडा लोळल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. नाथांचा विंचू काम-क्रोधाचा आहे. तो आतून चावतो. त्यावर प्राझोसिन चालत नाही. पण भारूड बघणाऱ्या पोरांना आतलं-बाहेरलं कळत नसतं, त्यांना लोळणं कळतं.

दुसरा थोर विंचू म्हणजे अर्थात तात्या. १९९३ साली महेश कोठाऱ्यांच्या ‘झपाटलेला’मध्ये लक्ष्याच्या घरात जो बाहुला येतो तो विंचूच, आडनावानं का होईना. माझ्या मते महाराष्ट्रात हौसेनं विंचू घरात ठेवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग तोच, आणि त्याचा निकाल सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलेला आहे. भाच्याला मी हे सांगितलं. त्यानं तो सिनेमा तुकड्या-तुकड्यांतच बघितला होता, तात्याला मोबाईलवर हसण्यासाठी. या पिढीला पूर्ण भीती कधी मिळालीच नाही.

पण पाळण्याच्या बाजूनं बोलणारा एक फार मोठा साक्षीदार आहे आणि भाच्यानं तो शोधून काढला तेव्हा मी थोडा गप्प झालो. पंडित नेहरू. डेहराडूनच्या तुरुंगात त्यांच्या कोठडीत विंचवांचा राबता होता, विशेषतः वादळी पावसानंतर. कधी अंथरुणावर, कधी नुकत्याच उचललेल्या पुस्तकावर. आश्चर्य म्हणजे चावला एकही नाही. त्यातला एक चांगला काळाकुट्ट विंचू पंडितजींनी बाटलीत ठेवला, त्याला माश्या वगैरे खाऊ घातल्या. मग कधीतरी त्याला दोरीनं भिंतीला बांधलं आणि गडी दोरीतून निसटला. ब्रिटिश साम्राज्याला भारी पडलेल्या या गृहस्थांनी मग कोठडी उलटीपालटी करून त्याला शोधलं, कारण मोकळ्या विंचवाची गाठ घ्यायची त्यांना मुळीच हौस नव्हती. तो सापडला नाही. १९३६च्या त्यांच्या आत्मचरित्रात तुरुंगातल्या प्राण्यांवर एक अख्खं प्रकरण आहे, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. त्या तुरुंगातून यशस्वीपणे पळालेला कैदी म्हणून तरी त्या विंचवाची नोंद व्हायला हवी होती.

आणि हेच नेहरू ऑगस्ट १९४२मध्ये आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात आले, सरकारी पाहुणे म्हणून. सोबत पटेल, आझाद, नरेंद्र देव, कृपलानी, पंत, शंकरराव देव अशी जवळजवळ सगळी काँग्रेसची कार्यकारिणी. डेहराडूनचा अनुभव जमेला असल्यामुळे असेल, इथं नेहरूंनी बागकाम धरलं. किल्ल्यातली जमीन खडकाळ, राडारोड्याची. तीत ते उन्हातान्हात खणत बसत. १९४४मध्ये पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून झालं तेही इथंच. दगड उचलणं आणि भारताचा शोध घेणं ही दोन्ही कामं नगरात एकाच वेळी चालू होती.

पाळण्याचं खातं या खेपेला मौलाना आझादांकडे होतं. त्यांच्या खोलीच्या छताशी चिमण्यांनी संसार मांडला होता. काड्या खाली पडत, कचरा होई. मौलानांनी आधी रीतसर युद्ध पुकारलं. चिमण्यांनी ते जिंकलं. मग तह झाला, तांदळाचे दाणे टाकले जाऊ लागले, आणि होता होता त्या त्यांच्या तळहातावर येऊन दाणे टिपायला लागल्या. ‘गुबार-ए-खातिर’ या त्यांच्या पत्रसंग्रहात ही कथा इतक्या ऐटीत सांगितली आहे की वाचणाऱ्याला वाटावं, क्रिप्स योजनेच्या वाटाघाटी यापेक्षा सोप्या होत्या.

आता या दोन थोरांची पाळणूक शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघं विद्वान, दोघं कैदेत, दोघांकडे वेळच वेळ. एकाच्या हातावर चिमणी बसली. दुसऱ्याची दोरी तेवढी हातात राहिली. पाळण्यात आपल्याला नेमकं काय हवं असतं ते इथं दिसतं. दूध, अंडी, लोकर ही आपण जगाला सांगतो ती कारणं. खरं तर माणसाला आपण आल्याची दखल घेतली जायला हवी असते. बैल मालकाची हाक ओळखतो, कुत्रं पावलं ओळखतं, शेळी मालकाच्या खिशात काय आहे तेही ओळखते. मांजर ओळखत असून दाखवत नाही, पण तोही एक प्रकारचा संबंध झाला. विंचवाचं तसं नाही. त्याला पाठीवर दोन डोळे, कडेला आणखी काही जोड्या, आणि एवढं असून दिसतं जेमतेम. जमिनीतली थरथर त्याला पायांतून कळते. म्हणजे मालक खोलीत आला हे त्याला कळतं, फक्त तो मालक आहे हे कळत नाही. त्याच्या लेखी पेटीपाशी येणारं ते काहीतरी मोठं आहे. खाण्याजोगं नसेल तर नांगी वर.

शिवाय त्याला तुमची गरजच नाही. कित्येक महिने न खाता राहणारे विंचू आहेत, काही जाती तर वर्षभरही काढतात. एकदा पोट भरलं की तो दगडाखाली जाऊन बसतो, आणि देहातला सगळा कारभार इतका मंद करतो की सरकारी कचेरीनं शिकवणी लावावी. मालक गावाला गेला काय, मालक वारला काय, विंचू बसलेला. ४० कोटी वर्षांहून जास्त काळ तो असाच बसला आहे. मधे डायनासोर येऊन गेले, त्याला थरथर जाणवली असेल.

म्हणून मला तो मनातून आवडतो, हे मी भाच्यापाशी बोललो नाही. कमी पाण्यात भागवणं, फुकट हालचाल न करणं, कुणाच्या अध्यात-मध्यात नसणं, आणि अंगावर पाय पडला तरच नांगी मारणं. हा स्वभाव मला माझ्या तालुक्यात घरोघरी दिसतो.

भाचा मात्र दमला नव्हता. त्यानं बॅगेतून नोटा तपासायचा जांभळा दिवा काढला. या दिव्याच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. का चमकतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कात टाकल्यावर नवी कातडी कडक होईपर्यंत तो चमकत नाही, एवढं मात्र नक्की. रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं बांधावर गेलो. दिवा लावला आणि दगडी ताल जणू गावच्या उरुसाला सजवली असावी तशी दिसू लागली. इथं एक, तिथं एक, दोन दगडांच्या फटीत अर्धा आत अर्धा बाहेर एक. भाचा आनंदानं वेडा झाला. घरी येताना त्यानं तोच दिवा सहज गोठ्यावर फिरवला, मग न्हाणीघराच्या भिंतीवर, मग सरपणावर. ओट्यापर्यंत पोचलो तोवर त्याचा आनंद बराच शांत झाला होता. माझी बायको दारातून हे बघत होती. “तो दिवा पुण्याला घेऊन जा,” ती म्हणाली. “लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सुखानं झोपत होते मी.”

दिव्याच्या उजेडात एक मादीही दिसली, पाठीवर पिल्लांचा पांढुरका थर घेतलेली. विंचीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते आणि ती सरळ आईच्या पाठीवर चढून बसतात. पहिली कात टाकली की उतरतात आणि आपापल्या वाटेनं जातात. पिल्लं आईला खातात असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात, ते खोटं आहे. फार भूक लागली तर आईच एखादं खाते. त्या आधीचं विंचवांचं लग्नही बघण्यासारखं असतं. नर मादीचे दोन्ही चिमटे धरून तिला मागं-पुढं चालवतो, योग्य सपाट जागा सापडेपर्यंत, कधी कधी तासन्‌तास. नंतर तो वेळेवर निसटला नाही तर जेवणात त्याचीच पंगत होते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो खरं, पण ते थोड्याच दिवसांचं असतं. दिवाळी सरली की पाथर्डी-शेवगाव-जामखेडहून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, शेरडं, कोंबड्या, त्यावर पोरं, आणि मग सहा-सहा महिने कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत. अंधारात उसाचा पाला हातानं बाजूला करायचं काम. तिथं विंचू पाळावा लागत नाही. पण ते बिऱ्हाड विंचवाच्या नावावर कशाला, हा प्रश्न मला दर हंगामात पडतो.

असो. पेटीच्या झाकणाला कुलूप लावायचं असं भाच्याचं ठरलं होतं. ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, जिथं २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेनं कुलपाविना शाखा उघडून दाखवली, तिथं हा विंचवाला कुलूप लावणार! मी त्याला कायद्याची भीती घालून बघितली. परदेशी जनावर आणायचं तर आयातीचे परवाने लागतात. आफ्रिकेतला जो काळा ‘सम्राट विंचू’ हौशी लोकांचा लाडका आहे, तो तर आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी असे नियम केंद्रानं २०२४मध्ये काढले. म्हणजे ऑनलाइन अर्ज आला. सातबारा ऑनलाइन काढताना सर्व्हर कसा बसतो ते आठवून भाचा विचारात पडला.

यात गावच्या कानावर अर्धवट काय ते पडलंच होतं. आपल्याकडे मांडुळाचा एक अलिखित बाजारभाव असतो. ते बिचारं निरुपद्रवी, बिनविषारी साप, पण दोन तोंडांचं म्हणून कोटीला जातं असा समज. त्यापायी गाडीत मांडूळ घालून गिऱ्हाईक शोधणारे पकडले गेल्याच्या बातम्या सगळीकडून येत असतात. विंचवाच्या विषाचा थेंब सोन्याहून महाग, हेही मोबाईलवर सगळ्यांनी वाचलेलं. एका विंचवातून एका वेळी निघतं ते थेंबाचा अंश, हे त्या निरोपात लिहिलेलं नसतं. झालं. अमक्याच्या घरी पुण्याचा साहेब आलाय आणि तो विंचू घेतो, ही बातमी दोन दिवसांत शिवार ओलांडून गेली.

पहिला माणूस पहाटेच आला, प्लास्टिकच्या बरणीत इंगळी घेऊन. झाकणाला भोकं पाडलेली होती, म्हणजे माल ताजा ठेवायचं भान होतं. दुसऱ्यानं लोणच्याच्या बरणीत आणली, ती नीट न धुता, त्यामुळे विंचू थोडा नाराज दिसत होता. एकानं फोनवर विचारलं, “लाल चालंल का काळाच पाहिजे?” एकाला घाऊक दर हवा होता. एका आजोबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, “गाभण हाय. पाठीवर पिल्लं बसली म्हंजे डझनात मोजा.” मी प्रत्येकाला हात जोडून सांगत होतो की आम्ही विंचू घेत नाही, बरणी लांब नेऊन माळावर उपडी करा, आणि उपडी करताना पायात बूट असू द्या. प्रत्येकाला वाटत होतं मी भाव पाडतोय. भाचा आतल्या खोलीत पुण्याच्या गाडीची वेळ बघत होता.

शेवटचा गडी बराच लांबून आला होता, मोटरसायकलवर, बरणी मांडीशी धरून. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकलं. बरणी उचलून उन्हाकडे धरली, विंचू हलवून दाखवला, पुन्हा खाली ठेवली.

“बरं, राहू द्या,” तो म्हणाला. “पेट्रोलचं तेवढं द्या. इंगळी ठिवून घ्या तशीच.”